बांजाच्या पिंपातली कोरी

लहानू चहांदेच्या अंगाले रोज सांजच्याले दारूचा वास यायचा, अन् दारूचा थेंब त्याच्या जिभेले जन्मात लागला नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, हे नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्याच्या शेजाऱ्यायले पटता पटत नव्हतं. सायकल गल्लीत शिरली की वास पहिले यायचा, मांगून लहानू. बायको बायजाबाई दारातच उभी राहायची. "हा करा," म्हणायची. लहानू तोंड उघडून हा करायचा. तोंडाले निस्ता सुपारीचा वास. मंग ती त्याले मोरीकडे हाकलायची अन् त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. लग्नाले वीस वर्षं झाली, पण तिचा विश्वास त्याले रोज नव्यानं कमवावा लागे.

कारण साधं होतं. कळमेश्वरच्या रस्त्याले, संत्र्याचे बगीचे मांगं पडले की एक दारूचा कारखाना होता, अन् लहानू तिथं पिंपं दुरुस्त करायचा. मी त्याच कारखान्यात बाटल्या भरायच्या खात्यात होतो, म्हणून हे मले डोळ्यानं पाहून माहीत. मळीची दारू तं तिथं नळासारखी वाहे. पण मांगच्या लांब गोदामात दीडशे लाकडी पिंपं आडवी निजलेली होती. ओकाच्या लाकडाची, विलायतेतून जुनीच विकत आणलेली. आधी जहाजात अन् मंग मालगाडीत आदळून त्यायची हाडं खिळखिळी झालेली. कोणाची फळी तडकलेली, कोणाचा लोखंडी पट्टा सुटलेला, कोणाचं बूड झिरपून राहिलेलं. त्यायचा डॉक्टर लहानू.

हे काम वाटते तेवढं सोपं नाही. फळीले फळी भिडवताना खिळा ठोकता येत नाही, दारू काळी पडते. सरस लावता येत नाही, दारू तो विरघळवून टाकते. विलायतेत दोन फळ्यायच्या मधात कसली तरी पाणगवताची पात घालतात, असं कारखान्याच्या केमिस्ट साहेबानं पुस्तकात वाचून सांगतलं. लहानू दुसऱ्याच दिवशी अंबाझरीच्या काठावर गेला, पाणकणीस कापून आणलं, त्याची पात सावलीत वाळवली अन् फळ्यायच्या मधात दाबून बसवली. पिंप असं बंद झालं की मुंगीले बी आत जायले जागा नाही. तेव्हापासून तो पिंपाले कान लावून टिचकी मारायचा अन् आत माल किती उरला ते सांगायचा. माल उरण्याची गोष्ट अशी, की आमच्या इथं मे महिन्यात गोदामाचा पत्रा तापला म्हणजे लाकडातून दारू हवेत उडून जाये. विलायतेत बारा वर्षांत उडावी तेवढी इथं तीन वर्षांत. लहानू म्हणे, "बदनाम माणसं झाली. नागपुरातला सगळ्यात मोठा बेवडा सूर्य हाये."

तो मूळचा भिवापूरकडच्या खेड्यातला. गावात त्याच्या वस्तीतल्या पोराच्या हाती कोणी रंधा दिला नसता, म्हणून सुतारकी तो शिकला ती शहरात, लकडगंजच्या आरा मशीनवर. छप्पन साली, सोळा वर्षांचा असताना, बाप धोंडबासोबत तो नागपुरात बौद्ध धम्माच्या दीक्षेले आला होता. लाखो लोकायच्या आवाजात आवाज मिळवून त्यानं प्रतिज्ञा घेतल्या, त्यातली एक दारू न पिण्याची. धोंडबा तोवर पक्का पिणारा होता. त्यानं त्या दिवशी सोडली ती सोडली. लहानूनं तर धरलीच नाही. यावर त्यानं कधी भाषण दिलं नाही, कोणाले शहाणपण शिकवलं नाही. विहारातल्या आनंदरावानं एकदा त्याले टोकलं, की प्रतिज्ञा बी अन् दारूच्या कारखान्यात काम बी, हे तुले जमते कसं? लहानू म्हणाला, मी पिंप बनवतो, त्यात काय भरायचं ते मालकाले विचार, उद्या ताक भरलं तरी माझं पिंप गळणार नाही. आनंदराव हसला. त्याले पुरतं पटलं मात्र नाही, हे बी सांगून ठेवतो.

अन् काम म्हणावं तं ते बी पुरतं नव्हतं. अकरा वर्षं झाली, लहानू रोजंदारीवरच. सकाळी फाटकावर उभं राहायचं, नाव पुकारलं तं आत जायचं. ताप आला तं दिवस गेला. मॅनेजर चंपतराव दरवर्षी म्हणे, पुढच्या वर्षी तुले कायम करून टाकू. माणूस वाईट नव्हता, पण त्याची जीभ दोनच कामाची होती, खायच्या अन् शब्द द्यायच्या. लहानू त्याच्यापुढं कधी "हो साहेब"च्या पुढं गेला नाही. रोजंदारीच्या माणसाले नाही म्हणता येत नाही. उद्या फाटकावर नाव पुकारायचं की नाही ते ज्याच्या हाती, त्याले कोण नाही म्हणणार?

कारखान्याचा केमिस्ट होता गिरिधर साहेब. धंतोलीत राहणारा, जाड चष्म्याचा, चालताना बी काहीतरी मोजून राहिल्यासारखा दिसणारा. मळीच्या दारूत रंग अन् वास मिसळायचा अन् तिले व्हिस्की म्हणायचं, याची त्याले मनातून लाज वाटे. निस्त्या जवाची, एकाच भट्टीत गाळलेली, दुसऱ्या कशाचीच भेसळ नसलेली व्हिस्की, जिले सिंगल माल्ट म्हणतात, ती त्याले नागपुरात करून दाखवायची होती. चंपतरावाच्या मांगं लागून लागून त्यानं थोडी गाळली बी. पण तीन विलायती पिंपं भरली अन् मुरवायले आणखी चांगली पिंपं उरली नव्हती अन् विलायतेतून नवी मागवायले वरून कोणी हो म्हणे ना.

त्याच सुमाराले लकडगंजच्या एका टालवाल्यानं उत्तरेतल्या पहाडातून वॅगनभर साल झाडाचं लाकूड मागवलं अन् त्याच्या गळ्यात बांज नावाचं लाकूड येऊन पडलं. वाकडं, गाठाळ, दगडासारखं कठीण. आरीचे दात पाडे. कोणी हात लावे ना. लहानू जुन्या ओळखीनं तिथं बिडी ओढायले जायचा. त्यानं एक ढलपी तोडली, हुंगली, खिशात घातली अन् दुसऱ्या दिवशी गिरिधर साहेबाच्या टेबलावर ठेवली. म्हणाला, साहेब, हे आपल्या पिंपायच्या नात्यातलं दिसते. गिरिधरनं पुस्तक काढून पाहिलं. खरंच, बांज म्हणजे ओकाचाच पहाडातला भाऊबंद. पण कोणी त्याचं दारूचं पिंप केल्याचं त्या पुस्तकात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

लहानूनं त्या लाकडाच्या फळ्या फाडल्या अन् दोन उन्हाळे वाळत ठेवल्या. मंग एक पिंप करायले त्याले चार महिने लागले. वाफ देऊन फळ्या वाकवताना आठ तुटल्या. बाकीच्यायले पट्टा चढला तेव्हा त्यानं पिंपाच्या पोटात तुराट्या पेटवून आतून भाजलं, अन् एकोणऐंशीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गिरिधरनं त्यात आपला जवाचा माल भरला. गोदामाच्या कोपऱ्यात ते पिंप जाऊन निजलं. नंबर एकशे एक्कावन.

अडीच वर्षं गेली. ब्याऐंशीच्या मार्चात मुंबईहून निरोप आला, की हेड ऑफिसचे चाखणारे साहेब, अनंत टिपणीस, पिंप पाहायले येऊन राहिले. चंपतरावानं लहानूले बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. म्हणाला, मुंबईवाल्यानं तुयं पिंप पास केलं तं असे चाळीस करायचे हायेत अन् या कागदावर माझी सही झाली की तू कायम. नापास केलं तं ते पिंप बॉयलरखाली जाईन अन् पिंपाचं खातंच बंद होईन. मंग तुले लकडगंजचा रस्ता माहीतच हाये. लहानू म्हणाला, हो साहेब. घरी त्यानं हे सांगतलं तेव्हा बायजाबाई उठली. तिनं पेटीतून लग्नकार्यातली आंगी काढली अन् इस्त्रीवाल्याकडे नेऊन दिली.

टिपणीस साहेब तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं उतरले. उंच, गोरा, अबोल माणूस. चाखणारे लोक जिभेले पोटच्या पोरीसारखं जपतात. यानं तं आठवडाभर पान खाल्लं नव्हतं अन् चहात आलं घालू दिलं नव्हतं. गिरिधरनं चंपतरावाले तीनदा बजावलं होतं, की पाहुण्याले फिकं वरण अन् भात द्या, बाकी काही दाखवू बी नका. चंपतराव तीनदा हो म्हणाला. पण नागपुरात पाहुणा यावा अन् सावजीचं मटण न खाता जावा, हे त्याच्या जिवाले सोसणारं नव्हतं. तो दुपारी साहेबाले घेऊन महालातल्या एका सावजीकडे गेला. पहिल्या घासाले पाहुण्यानं डोळे पुसले, दुसऱ्याले नाक, तिसऱ्याले टक्कल. चंपतराव म्हणे, हे कमी तिखट हाये, लेकरायसाठी करतात ते. मुंबईचा माणूस भिडेत पडला. दोन वाट्या रस्सा पिऊन उठला, अन् उरलेला दिवस सर्किट हाउसच्या पलंगावर ओला रुमाल तोंडाले लावून पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गोदामात टेबल लागलं. एक्साइजवाल्यानं आपल्या चावीनं कुलूप उघडून दिलं अन् दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसला. चार ग्लास मी मांडले, बाटल्याच्या खात्यातून मले त्याच कामाले बोलावलं होतं. तीन विलायती पिंपातले, चौथा बांजाच्या. पिंपातून काढली तशीच, कोरी, पाण्याचा थेंब नाही. साठ टक्क्याच्या वर जोर होता तिचा. बूच काढलं तं पाच हातावर डोळे चुरचुरले. विलायती पिंपातली वाळल्या गवताच्या रंगाची होती. बांजातली काकवीसारखी लाल. इस्त्रीची आंगी घालून लहानू लाकडी हातोडी घेऊन भिंतीले उभा होता.

टिपणीसांनी पहिला ग्लास उचलला, एक घोट जिभेवर फिरवला अन् बादलीत थुंकला. मंग दुसरा. मंग तिसरा. चौथ्याले जरा जास्त वेळ लावला. चंपतरावानं न विचारता "वा" म्हणून टाकलं. साहेबानं ग्लास खाली ठेवला अन् गिरिधरकडे पाहून हळूच म्हणाले, "मला चारही सारख्याच लागतात. तिखट."

गिरिधरनं चंपतरावाकडे असं पाहिलं, की चंपतराव छताचे पत्रे मोजायले लागला. टिपणीस सरळ माणूस होता. त्यांनी सांगून टाकलं, की कालच्या जेवणापासून जीभ चामड्याची झाली आहे, आजच संध्याकाळची गाडी आहे अन् खोटं मी लिहिणार नाही. चव न कळलेलं पिंप म्हणजे नापासच लिहावं लागेल. गिरिधर म्हणाला, मी चाखून सांगतो. तर टिपणीस म्हणाले, तुमचंच लेकरू आहे, तुमची साक्ष चालायची नाही. चंपतरावाले तं त्यायनं विचारलंच नाही. मंग त्यांची नजर भिंतीकडे गेली.

"हे पिंप तू केलंस ना? मग तू चाख. तू सांगशील ते मी लिहितो."

लहानू म्हणाला, मी पीत नाही साहेब. टिपणीस म्हणाले, मी कुठे पितो, पंचवीस वर्षं फक्त थुंकतो आहे. जिभेवर घे, फिरव, टाकून दे. पोटात गेली नाही म्हणजे प्यालास असं होत नाही. आता ही गोष्ट काही खोटी नव्हती. मले बी त्या घडीले पटली. चंपतराव सरकत सरकत लहानूच्या कानाशी आला.

"एक चूळ भर बे. कागद माझ्या खिशात हाये. कोण पाहून राहिलं इथं?"

लहानूनं ग्लासाकडे पाहिलं. अकरा वर्षांचं फाटक त्या एका घोटाच्या पलीकडे होतं, हे तिथं उभ्या सगळ्यायले दिसून राहिलं होतं. हातातली हातोडी त्यानं खाली ठेवली. गिरिधरले वाटलं आता घेते. मले बी वाटलं.

"साहेब," तो टिपणीसाले म्हणाला, "शपथ म्या तोंडानं घेतली होती, गळ्यानं नाही."

चंपतरावानं कपाळावर हात मारून घेतला. टिपणीसांनी पेनाचं टोपण काढलं. लहानू थांबला नाही. त्यानं विचारलं, काल जेवताना तुमच्या नाकातून बम पाणी गेलं म्हणतात, खरं काय? टिपणीस म्हणाले, गेलं, अजून जातं आहे, त्याचं काय?

"मंग नाक धुऊन निघालं ना. जीभ मेली तं मरू द्या, नाक तं जित्तं हाये. मी अकरा वर्षं नाकावरच काम करून राहिलो. हात पुढं करा."

मुंबईच्या साहेबाले असं कोणी म्हटलं नसावं. त्यांनी हात पुढं केला. लहानू म्हणाला, थांबा, हाताले साबणाचा वास हाये, तो चालत नाही. त्यानं साहेबाले बाहेरच्या नळावर नेलं, अन् पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर करून तो एवढा मोठा माणूस दोन्ही हाताले माती चोळत उकिडवा बसला. एक्साइजवाल्यानं पेपर खाली केला. बॉयलरवरची माणसं दारात येऊन उभी राहिली.

परत आल्यावर लहानूनं आधी विलायती पिंपातली थोडी साहेबाच्या तळहातावर ओतली. जोरानं चोळा म्हणाला. आता थांबा, पहिला वास पळू द्या, तो निस्ता जोराचा असते. आता ओंजळ करा अन् नाक आत घाला. टिपणीसांनी नाक घातलं. भाजलेला जव, म्हणाले, थोडा मध. बस, तेवढंच. पुन्हा नळ, पुन्हा माती. मंग दुसरी, मंग तिसरी. अशा चार वाऱ्या झाल्या. शेवटी बांजाची.

या वेळेस साहेबानं ओंजळीतून तोंडच काढलं नाही. आम्हाले वाटलं नाकाले झोंबली. गिरिधर चष्मा पुसून राहिला होता, तीच तीच काच चार वेळा पुसली त्यानं.

"सुंठ," टिपणीस ओंजळीतूनच बोलले. "मग वाळलेली द्राक्षं. नाही, द्राक्षं नाहीत. गोड आहे, जरा आंबूस. मला नाव येत नाही त्याचं."

"मोहफूल म्हणतात त्याले. वाळलं की असंच येते."

"आणि अगदी शेवटी काहीतरी ओलं. तळ्याच्या काठासारखं."

लहानू ओशाळला. म्हणाला, ते पाणकणीस असन साहेब, एका फळीची पात पुरती वाळली नव्हती, ती चूक माझी हाये.

"ती चूक चाळीसही पिंपांत कर," टिपणीस म्हणाले.

मंग त्यांनी विचारलं, हिच्यात पाणी किती घालावं? लहानूनं ग्लासात चमच्यानं पाणी टाकत टाकत हुंगलं अन् चौथ्या चमच्याले थांबला. आता हिचा राग उतरला, म्हणाला, याच्यापुढं पाणी टाकलं तं झोपून जाईन. टिपणीसांनी पुन्हा हुंगून पाहिलं अन् मान हलवली. मंग बसून लिहिलं, की वयानं कोवळी, अंगानं भरलेली, लाकूड अनोळखी पण चांगलं, चाळीस पिंपं करावीत. खाली लिहिलं, जीभ बिघडल्यामुळे ही तपासणी नाकाने केली आहे. काहून बिघडली ते लिहिलं नाही, एवढी मेहेरबानी चंपतरावावर केली.

गिरिधरले आता धीर निघे ना. त्यानं चौथ्या चमच्याचा तो ग्लास उचलून एक घोट घेतला, थुंकायचं विसरला, अन् मंग सगळाच घेतला. लहानूनं त्याले विचारलं, कशी हाये? गिरिधर सांगायले लागला. लहानू आपल्या पोराच्या परीक्षेचा निकाल ऐकावा तसा कान देऊन ऐकत होता, अन् मधात एकदा म्हणाला, सुंठ पहिले येते साहेब, तुम्ही मांगून सांगून राहिले.

चंपतराव टिपणीसाले म्हणाला, चला, जेवायची वेळ झाली. टिपणीस दोन पावलं मांगं सरकले. तेवढ्यात लहानू सगळ्यायसमोर म्हणाला, "साहेब, तो कागद खिशात हाये म्हटलं होतं ना तुम्ही?" चंपतराव म्हणाला, हो हो, सोमवारी निवांत करू. टिपणीसांनी आपलं पेन, टोपण काढूनच, त्याच्यापुढं धरलं. चंपतरावानं खिशातून कागद काढला. चार घड्या पडल्या होत्या त्याले. एकशे एक्कावन नंबरच्या पिंपावर तो पसरला अन् सही केली. लहानूनं कागद पुरता वाचला, नाव पाहिलं, तारीख पाहिली, अन् इस्त्रीच्या आंगीच्या आतल्या खिशात ठेवला.

टिपणीस अन् गिरिधर बाहेर गेले. मी ग्लास आवरून राहिलो होतो, अन् चंपतराव मांगंच रेंगाळला. दारातल्या एक्साइजवाल्याकडे पाठ करून त्यानं कोटाच्या आतून एक रिकामी बाटली काढली अन् लहानूपुढं केली. म्हणाला, लवकर भर, आज आपल्या सगळ्यायचाच आनंदाचा दिवस हाये. अकरा वर्षांत अशा कितीतरी बाटल्या लहानूनं मुकाट्यानं भरून दिल्या होत्या.

लहानूनं बूच उचललं, पिंपाच्या तोंडात बसवलं अन् हातोडी घेतली.

"नाही भेटत साहेब."

चंपतरावाचा बाटलीचा हात तसाच पुढं राहिला.

"आज दुसऱ्यांदा नाही म्हणून राहिलो तुमाले," लहानू म्हणाला. "मघाशी चूळ भरायले नाही म्हटलं तेव्हा सकाळचं फाटक डोळ्यापुढं आलं होतं. आता म्हणून पाहिलं, तं नाही आलं."

अन् त्यानं बुचावर हातोडीचे तीन ठोके घातले.